सड्यावरची चूल कुणी विझवली नव्हती

तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असं मुग्धा म्हणाली. पाठीवर बोजा घेऊन डोंगर-किनारे चालणारा तुमचा जो गट आहे, तो बँकेतली नोकरी सांभाळून आता तीच चालवते. तुमच्यावर स्मरणिका काढायची आहे म्हणे. सगळ्यांचे लेख आले, काकूंचाच राहिला. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला कसला लेख येणार. तर म्हणाली, "काकू, जसं बोलता तसंच लिहा." मी कशी बोलते ते तिला ठाऊक नाही. तिच्यासमोर नेहमी तुम्हीच बोलायचात.

चार चांगले शब्द सापडले. ते लिहीनच. पण बाकीचे शब्दही याच माणसाचे आहेत. ते काय मांजराला घालू?

इतरांचे लेख मुग्धानं मला ओटीवर बसून वाचून दाखवले. सगळ्यांत चूल आहे. काकांची डब्याची चूल, काकांचा लाकडावरचा भात, काका सगळ्यांच्या पुढे आणि चूल त्यांच्या पाठपिशवीला बाहेरून बांधलेली, चालताना खडखड वाजणारी. एकानं लिहिलंय की काकांच्या हातची कुळथाची पिठी खाताना मला माझी आई आठवली. त्याची आई आपल्या पलीकडच्या आळीत राहते, चांगली ठणठणीत आहे, पिठीही उत्तम करते. तिनं हे वाचलं तर त्याला आठवडाभर जेवायला मिळायचं नाही.

मुग्धाच्या स्वतःच्या लेखात एक वाक्य होतं. ते तिनं भरभर वाचलं. मी परत वाचायला लावलं. "काकांनी आम्हाला शिकवलं की निघताना चुलीत पाणी ओतल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, काकूंच्या हातून एकदा झालेल्या चुकीबद्दल ते कधी रागानं बोलले नाहीत, आम्हाला समजावून सांगायचे."

ते वाक्य छापून येणार आहे. म्हणून मी लिहायला बसले. नाहीतर तुम्ही गेलात, दिवस झाले, माझ्याकडून तुम्हाला आणखी काही द्यायचं राहिलं नव्हतं.

आता नीट पहिल्यापासून.

लग्न झालं तेव्हा तुम्ही जहाजावर कुक होतात. वर्षातले दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरात. त्या दोन महिन्यांत "मी सुट्टीवर आहे गो" म्हणून पाटावर बसायचात आणि भात फडफडीत झाला की गच्च झाला, ते सांगायचात. परदेशातल्या कुठल्या कुठल्या बंदरातल्या लोकांनी तुमच्या हातचं खाल्लं. मी तुमच्या हातचा चहासुद्धा प्यायले नव्हते. एकदा मला ताप होता तेव्हा तुम्ही शेजारणीला सांगून आलात. तिनं आणून दिली ती पेज तुम्ही चाखून बघितलीत आणि मीठ कमी आहे म्हणालात.

नोकरी संपल्यावर तुमच्या अंगात हे चालायचं वेड शिरलं. मुग्धा आणि तिची मंडळी किनाऱ्यानं चालत निघायची, रॉकेल नाही, गॅस नाही, म्हणून तुम्ही दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यांची चूल केलीत. मोठ्या डब्यात लहान डबा, खाली भोकं, वर भोकं. खालून वारा आत शिरतो, वरच्या भोकांपाशी धूरच पेट घेतो, मूठभर काटक्यांत भात होतो. परसात पेटवून दाखवलीत तेव्हा मी हसले होते. पन्नास वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला नवरा चूल समजावून सांगतो, यात हसण्यासारखं आहे की नाही, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

मी म्हणायचे, तीन दगड कुठेही मिळतात, ते पाठीवर वाहावे लागत नाहीत. तुम्ही म्हणायचात, तीन दगडांना लाकूड तिप्पट लागतं, आणि कातळ काळा होतो तो वेगळा. हा वाद तुमच्या-माझ्यात शेवटपर्यंत चालला. लाकडाचं तुमचं खरं होतं. मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करते. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून बरं.

टोपाला बाहेरून ओली राख फासून मग चुलीवर चढवावा, म्हणजे काजळी धुताना सुटते, हे मी शंभरदा सांगितलं. तुम्ही फासली नाहीत. "काळा टोप म्हणजे चुलीची निशाणी," म्हणायचात पोरांना. पोरं फोटो काढायची. मग तो टोप घरी यायचा आणि मी काथ्यानं घासायची.

पहिल्यांदा तुम्ही मला बरोबर नेलंत ते माझ्यासाठी नाही. तुमच्या हाताखालची मुलगी आजारी पडली आणि कांदा चिरायला माणूस हवं होतं. "चल, तुला चूल दाखवतो," म्हणालात. जयगडहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली, पलीकडे उतरून चालत सुटलो. माझ्या पाठीवर तांदूळ, कोकमाची सोलं, मिरकरवाड्याहून आणलेला सुका बांगडा आणि एक लुगडं. तुमच्या पाठीवर चूल, टोप आणि तुमचा रुबाब. किनाऱ्यानं सुरूचं बन लागलं तिथे तुम्ही पोरांना शिकवत होतात, काडी मोडताना कट् आवाज आला तर घ्या, वाकली तर टाका, काजूचं लाकूड अजिबात नको, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. सुरूची बोंडं गोळा करून घेतलीत. आवाजात काय ऐट! जहाजाचा कप्तान तुमच्याशी कसा बोलत असेल, ते मला त्या दिवशी कळलं, कारण तुम्ही तसेच बोलत होतात.

अंजनवेलच्या किल्ल्यात पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची उन्हं कलली होती. पलीकडे वीज कारखान्याच्या चिमण्या, खाली खाडीचं तोंड. तुम्ही वारा बघून तटाच्या आडोशाला चूल मांडलीत. पिठी केलीत, भात केलात, बांगडा निखाऱ्यावर टाकलात. मी उठून वाढायला लागले तर म्हणालात, "बस गो खाली." आणि पहिलं ताट मला दिलंत. पोरं भुकेनं कळवळत होती, तरी पहिलं मला. पिठीत लसूण जास्त होता. मी काही बोलले नाही. माहेरी आई आधी बाबांना वाढायची, मग दिनूला, दिनू म्हणजे माझा धाकटा भाऊ, मग आम्ही बायका. सासरी तर विचारूच नका. माझ्या आयुष्यात मला कुणी आधी वाढलं ते तेव्हाच पहिल्यांदा. मी तटाला टेकून, पाय लांब करून जेवले. माझ्यासारख्या बाईनं स्वतःच्या पायांनी चालत जाऊन किल्ल्यात जेवावं आणि उष्टं ताट तिथेच बाजूला ठेवावं, ही चैन मला तुमच्यामुळे मिळाली. पुढेही बऱ्याच वेळा मिळाली.

मुग्धाला हवे होते ते चार चांगले शब्द म्हणजे हे. ते खरे आहेत. आता पुढचं.

माझं माहेर जयगडच्या अलीकडे, सड्याच्या उतारावर. सडा म्हणजे वरचा सपाट कातळ, पावसानंतर गवत आणि शिमग्यापर्यंत ते वाळून पार कोरडं. त्या गवताच्या कडेला बाबांनी आंब्याची कलमं लावली. मी चौथीतून शाळा सोडली ती त्या कलमांसाठी. विहीर खाली, कलमं वर. उन्हाळाभर डोक्यावर कळशी घेऊन मी चढायची आणि आळ्यात ओतायची. दिनू लहान होता, तो सावलीत बसून मला हाका मारायचा. कलमं मोठी झाली, बाबा गेले, ती दिनूकडे गेली. रीतच आहे. मी कधी त्याबद्दल ब्र काढला नाही.

बाबांचा एक नियम होता. बागेत आग केली की ती विझवायची, नुसती झाकायची नाही. पाणी ओतायचं, ढवळायचं, परत ओतायचं, आणि राखेवर तळहात टेकवून बघायचं. हात टेकला तर उठायचं. आम्ही दोघं भावंडं हे अ-आ-इ-ई सारखं शिकलो.

तुमच्या घरी उलट. चुलीत पाणी ओतायचं नाही, चूल म्हणजे लक्ष्मी, पाणी ओतलं की घर विझतं. नवी नवरी असताना माझ्या हातून पेज उतू जाऊन चूल विझली, तर सासूबाईंनी मला त्या दिवशी जेवू दिलं नव्हतं. रात्री निखारे राखेखाली पुरून ठेवायचे, सकाळी उकरले की तांबडे. तुम्ही तसे कशावर विश्वास ठेवणारे नव्हतात. जहाजावर काय काय खाल्लंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण आईचं हे एक तुमच्या हाडात बसलं होतं. किल्ल्यात, किनाऱ्यावर, सगळीकडे तुम्ही निखारे पुरायचात आणि मी मागून जाऊन माझ्या बाटलीतलं पाणी ओतायची. तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायचात. "पिण्याचं पाणी घालवतेस," एवढंच म्हणायचात.

शिमगा नुकताच आटपला होता. आपण सगळे त्या सड्यावरून जयगडला उतरून फेरीबोट धरणार होतो. दिनूच्या बागेच्या वरच्या अंगाला न्याहारीला थांबलो. तुम्ही पोहे केलेत. पोरं खाऊन धक्क्याकडे उतरली. मागे तुम्ही आणि मी. तुम्ही म्हणालात, "तुझा गुडघा हळू, तू पुढे हो. मी आवरून येतो."

"पाणी ओता," मी म्हटलं. "खाली दिनूची बाग आहे."

"हो गो. किती वेळा सांगशील?"

मी माझी भरलेली बाटली चुलीजवळ ठेवली आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही, तुमच्यावर भरवसा होता म्हणून नव्हे, उतार होता म्हणून.

धक्क्यावर तुम्ही आलात आणि सावलीला बसून पाणी प्यायलात. माझ्या बाटलीतलं. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. मी विचारलं, "ओतलं नाहीत?"

"पुरले. चांगले हातभर खाली. वर माती, वर दगड. काही होत नाही."

राखेखाली निखारा किती वेळ जगतो हे तुम्ही मला सांगत होतात! मी उलटी फिरले तेवढ्यात मुग्धाच म्हणाली, "काका, वर धूर कसला दिसतोय?"

दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला होता. आपण वर पोचेपर्यंत गवत संपलं होतं आणि आग बागेत शिरली होती. गावची माणसं ओल्या फांद्या घेऊन झोडपत होती. मीही झोडपलं. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या. वरच्या ओळीतली सगळी कलमं भाजून निघाली. आग विझली तेव्हा झाडं उभी होती, पण पान न पान तांबडं पडलेलं आणि खोडातून चीक उकळून बाहेर आलेला. ती वरची ओळ म्हणजे माझ्या कळशीची ओळ. खालच्यांना पन्हळीनं पाणी मिळायचं.

दिनूचं तोंड काळं झालं होतं. त्यानं विचारलं, "आग कुणी केली?"

तुम्ही पुढे झालात. मला वाटलं, शाबास, माणूस आहे. तुम्ही म्हणालात, "दिनू, आमचीच न्याहारीची चूल रे. हिला सांगितलं होतं, पाणी ओत म्हणून."

मला आधी वाटलं, घाबरलात, तोंडातून उलटं निघालं, आता सुधाराल. तुम्ही सुधारलं नाहीत. मी म्हटलं, "मी पुढे गेले होते. मागे हे होते." तर तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवलात. पोरांसमोर तुम्ही कधी माझ्या अंगाला हात लावला नव्हता. "असू दे गो," म्हणालात. "वयानं होतं असं. विसरतं माणूस."

किती प्रेमानं म्हणालात! मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी बघितलं.

दिनू मला एवढंच म्हणाला, "बाय, बाबांची कलमं गो." आणि पाठ फिरवून गेला.

त्यानंतर भाऊबीज नाही, गणपतीचं बोलावणं नाही. पहिल्या दिवाळीला मी पाट मांडला, तबकात सुपारी ठेवली, निरांजन लावलं आणि संध्याकाळी ते सगळं उचललं. तुम्ही तिथेच पेपर वाचत बसला होतात. पेपर जरा वर धरलात.

मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, एकदा जाऊन खरं सांगा. कधी म्हणालात, आता विषय थंड झालाय, कशाला उकरायचा. कधी म्हणालात, मला आठवतच नाही नीट. एकदा चिडून म्हणालात, "माझं नाव गेलं तर गटात मला कोण विचारेल? तुझं काय जातंय?" एवढंच तुमचं खरं उत्तर होतं, बाकी सगळ्या सबबी.

आणि अधिक महिना आला तेव्हा दिनूकडून धोंड्याचं जेवायचं बोलावणं आलं. जावयाला. मला नाही. जावई आणि लेक जोडीनं बोलवायची रीत, पण निरोप्यानं स्पष्ट सांगितलं, भावोजींनी यावं. मला वाटलं तुम्ही जाणार नाही. तुम्ही धोतर नेसून गेलात. "जावयानं नाही म्हणायचं नसतं," म्हणालात. माझ्या भावानं तुमचे पाय धुतले, तुम्हाला ताटात अनारसे वाढले, हातात चांदीचं निरांजन दिलं. येताना रुमालात चार अनारसे माझ्यासाठी आणलेत. मी ते खाल्ले. चांगले झाले होते.

चुलीच्या सहलींना मी त्यानंतर आले नाही. तुम्ही दर थंडीत जात राहिलात आणि पोरांना निखाऱ्यात पाणी ओतायला शिकवायला लागलात. माझं नाव सांगून. हे मला आता, मुग्धानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. एवढी वर्षं तुम्ही माझ्या बाबांचा नियम स्वतःचा म्हणून शिकवलात, आणि स्वतःची चूक माझी म्हणून.

छाती तुमची धुरानं गेली. डॉक्टरांनी विचारलं विड्या ओढता का, तर तुम्ही धापा टाकत म्हणालात, "चूल ओढतो." ते हसले. शेवटपर्यंत तुम्हाला हसवता येत होतं, ते मात्र देवानं दिलेलं. तुमच्या दुप्पट धूर माझ्या छातीत असेल, पण ती कुणी तपासली नाही आणि तिला काही झालंही नाही. तुमची सेवा मी केली. ती मनापासून केली का, असं विचाराल तर नीट केली. दुखू दिलं नाही, ओलं राहू दिलं नाही, उपाशी ठेवलं नाही.

दिनूला तुम्हीच बोलावणं धाडलंत. रुग्णालयात तो आला तेव्हा मी तुम्हाला पेज भरवत होते. मला वाटलं, आता सांगणार. म्हणूनच बोलावलंय. तुम्ही नाकावरचा ऑक्सिजनचा मुखवटा खाली ओढलात आणि म्हणालात,

"दिनू, हिला माफ कर. बाईमाणूस, विसरली. माझ्यासाठी म्हणून माफ कर."

दिनू रडला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, झालं ते झालं. केलं मी माफ." आणि माझ्या पायाला हात लावला. मी वाटी धरून उभी. पेज निवत होती. पलीकडच्या खाटेवरची बाई पदरानं डोळे पुसत होती.

तो गेल्यावर मी विचारलं, "का केलंत असं?"

तुम्ही म्हणालात, "तुला भाऊ मिळवून दिला ना?" आणि मुखवटा वर ओढलात. चेहऱ्यावर काय समाधान होतं! मोठं काम करून आलेल्या माणसासारखं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, त्याच चेहऱ्यानं. लोक म्हणाले, किती शांत दिसतायत.

मी रडले. रडले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दहा महिने वाट बघायची सवय लागलेली बाई मी. माणूस गेलं की ते परत येणार, हे अंगात भिनलेलं. अजून फाटक वाजलं की वर बघते, आणि मग स्वतःवरच चिडते, की एवढं सगळं ठाऊक असून बघतेसच का. तुम्ही असतात तर यावर काहीतरी बोलून हसवलं असतंत, आणि मी हसले असते, आणि तुमचं परत फावलं असतं.

परवा दिनू आला. आता तो येतो. दिवसांच्या सगळ्या कामांत तो उभा होता, नारळ आणले, फणस आणला. ओटीवर बसला, मी चहा दिला. मुग्धाचं ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "दिनू, ती आग माझ्या हातची नव्हती."

"बाय, आता कशाला? संपलं ना ते?"

"संपलं नाही. तुझ्या भावोजींनी निखारे पुरले. मी त्यांना पाण्याची बाटली ठेवून पुढे गेले होते. ती बाटली भरलेलीच धक्क्यावर आली."

त्यानं चहा बशीत ओतला. फुंकर मारली. म्हणाला, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"तेच. पहिल्या दिवसापासून. मी जाऊन बघितलं ना तिथे. उकरलेली माती, वर दगड रचलेले. तू पुरशील होय निखारे? बाबांच्या हाताखाली शिकलेली तू. तू झोपेतसुद्धा पाणी ओतशील."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"मग मला का टाकलंस?"

"मग काय करू? जावयाला बोलू? बाबांनी पाय धुतलेले त्यांचे. घरचा एकुलता एक जावई. त्यांना बोललो असतो तर गावानं माझ्या तोंडात शेण घातलं असतं." बशी खाली ठेवली. "पण बाग डोळ्यांसमोर जळाली गो. कुणावर तरी राग काढायला हवा होता. तू आपली."

"आपली म्हणून?"

"आपल्यावरच रागावतो ना माणूस. परक्यावर काय रागवायचं?"

तो हे असं म्हणाला, जसं काही मला मान देतोय. मी विचारलं, "आणि रुग्णालयात माफ केलंस ते कशाबद्दल?"

"ते मरत होते बाय. मरणाऱ्याला नाही म्हणू?"

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिघांना खरं ठाऊक असून त्या खाटेपाशी तुम्ही दोघांनी मिळून मला माफ केलंत. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचे अश्रू तेवढे खरे होते.

मी त्याला सांगितलं, मुग्धा स्मरणिका काढतेय, त्यात मी हे सगळं लिहिणार आहे.

"वेड लागलंय तुला? मेलेल्या माणसाचं नाव खराब करणार?"

"माझं करताना मी जिवंत होते."

"आणि माझं काय? लोक म्हणतील, ठाऊक असून बहिणीला टाकलं."

"म्हणतील."

तो उठून उभा राहिला. "बाय, आत्ता कुठे येणं-जाणं सुरू झालंय. छापलंस तर माझं येणं बंद. एवढं ठेव ध्यानात."

"ठेवलं. जेवून जा."

तो जेवला. मी त्याला आवडते तशी पिठी केली होती, लसूण बेतानं. दोनदा भात घेतला. हात धुतले, चपला घातल्या. आपल्याकडे घरातून निघताना माणूस "येतो" म्हणतो. दिनू "जातो" म्हणाला. मी दारात उभी राहिले, फाटक लागेपर्यंत. माझ्या डोक्यावरच्या कळशीतलं पाणी प्यायला मागणारा पोर तो. त्याच्याविना राहणं मला जमतं, ते तुम्हीच शिकवलंत.

मुग्धा, तुझ्या लेखातलं ते वाक्य काढू नकोस. तुला त्यांनी सांगितलं तेच तू लिहिलंस. फक्त त्याच्या पुढच्या पानावर माझं हे लाव.

आणि तुम्हाला एवढंच. जाता जाता मिळवून दिलेला भाऊ मला झेपला नाही. मी तो परत केला. आता माझ्यावर कुणाची माफी नाही.